दोन हिप्परगे आणि एक हातपंप

परत आल्यापासून जो तो विचारतो, "तिकडे ऊन फार असेल ना हो?" मी "हो" म्हणते आणि विषय बदलते. उन्हाबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. सांगायचं आहे ते एका गावाच्या नावाबद्दल, आणि ते सांगायचं तर आधी माझी स्वतःची चूक सांगावी लागते. इतके दिवस टाळलं ते त्यासाठीच.

मी रत्नागिरीला एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. त्या वर्षी मराठवाड्यात लागोपाठ दुसरा पावसाळा हुकला होता. नांदेडची एक सेवाभावी संस्था गावोगाव बोअर घेऊन हातपंप बसवत होती, आणि बोअर कुठे घ्यायचा ती जागा दाखवायला त्यांना माणूस हवा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीतले तीन आठवडे मी देऊ केले. आई म्हणाली, "तू काय पाणी शोधणार? आपल्याकडे मे महिन्यात दोन हंड्यांसाठी डोंगर उतरावा लागतो, ते आधी शोध." तिचं चुकत नव्हतं. पण माझी बॅग भरून झाली होती.

नांदेड

पहिल्याच संध्याकाळी गोदावरी पाहिली. मोठ्या नदीचं नाव लहानपणापासून ऐकलेलं असतं, तेव्हा डोळे आपोआप लांब पाहतात. मी लांब पाहत उभी राहिले आणि दिसले ते खडक, मध्ये एक डबकं आणि त्यात बसलेल्या म्हशी. विष्णुपुरीला धरणाचं काम चाललं होतं. ज्या नदीला अडवायचं ती अशी असताना एवढ्या मोठ्या भिंती बांधणारी माणसं मला धीराची वाटली. माझ्यात तो धीर नव्हता. येऊन चार तास झाले नव्हते आणि माझे हात काहीतरी करायला शोधत होते.

संस्थेची कचेरी दोन खोल्यांची. व्यवस्थापक निवृत्त हेडमास्तर होते, फार नीटस माणूस. त्यांनी मला टाईप केलेली यादी दिली: नऊ गावं, प्रत्येकापुढे रिकामा चौकोन. बोअर झाला की चौकोनात टिक. सोबत गावांकडून आलेल्या अर्जांची फाईलही दिली. ती मी बॅगेत टाकली. मशीन तमिळनाडूकडचं होतं आणि ठरलेल्या दिवशी परत जाणार होतं. पंपही मोजकेच, गावागणिक एक, आणि ते बोअरनंतर मागाहून बसवायचे.

भिंतीवर जिल्ह्यांचा नकाशा होता. त्यात उदगीर, अहमदपूर सगळं अजून उस्मानाबादेतच दाखवलेलं. वरून कुणीतरी लाल पेन्सिलीने रेघ ओढून 'लातूर' असं लिहिलं होतं. नवा जिल्हा झाला त्याला फार दिवस झाले नव्हते. "कागदं कुठं पाठवायची ते अजून कुणाला उमगून नाही राहिलं," व्यवस्थापक म्हणाले. "आमची दोन पत्रं उस्मानाबादहून परत आली, तीन लातूरहून."

मला हसू आलं. तेव्हा त्यात हसण्यासारखंच वाटलं होतं.

जीप चालवायला गफूरभाई होते. पन्नाशीचे, डोक्याला ओला रुमाल, मराठीत मध्येच दखनी. पहिला आठवडा अर्धापूरकडे आणि कंधारकडे गेला. अर्धापूरच्या केळीच्या बागा उभ्या वाळलेल्या. वारा आला की पानं कागदासारखी वाजत. सकाळी जमिनीत सळया ठोकायच्या, यंत्रातून वीज सोडायची, मापं घ्यायची, खुंटी मारायची आणि पुढच्या गावाला पळायचं. मशीन आमच्या मागून येई. मी कुठेही तासभरापेक्षा जास्त बसले नाही. बसलं की कुणीतरी येऊन विचारायचं, "लागंल का वो पाणी?" आणि मी सळया उचलून जीपकडे वळायचे.

हिप्परगा

यादीत शेवटचं, नववं नाव होतं, 'हिप्परगा (उदगीर रस्ता), जि. लातूर'.

मुखेडवरून जळकोटला आलो. तिथे गफूरभाईंनी पानाच्या टपरीवर विचारलं, टपरीवाल्याने हात केला आणि अर्ध्या तासात आम्ही हिप्परग्याच्या पारावर होतो. गाव काळ्या मातीतलं, घरं दगडी, धाब्याची. गावाचे सरपंच विरभद्रप्पा, सगळे त्यांना नुसतं अप्पा म्हणत. किराणा दुकान त्यांचंच. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी. दुकानातून उठून जीपपर्यंत आले, हात जोडून "शरणार्थ" म्हणाले. मी संस्थेचं नाव सांगितलं, हातपंपासाठी जागा बघायला आलोय म्हटलं.

अप्पा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "या, या. ऊन लई हाय. आधी घरात या."

तो क्षण मला नंतर पुन्हापुन्हा आठवला.

त्यांच्या सुनेने, गंगाबाईने, पाणी आणलं. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात. इथे पाणीच गुळासारखं दिलं गेलं: अर्धा पेला, दोन्ही हातांनी. मी दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला, उरलेलं तिने शेळीच्या टोपात ओतलं. जेवायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पातळ पिठलं. ताट धुतलं नाही; राखेने घासून फडक्याने पुसलं. मीही न सांगता माझं ताट राखेनेच पुसलं, तेव्हा गंगाबाई पहिल्यांदा हसली. "अक्का, तुमच्याकडं पाऊस लई पडतोय म्हणं?"

"चार महिने थांबत नाही."

"मग त्ये जातंय कुठं?"

एवढा सरळ प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. "समुद्रात," मी म्हटलं. तिला ते खोटं वाटलं असावं.

गावाच्या दक्षिणेला, ओढ्याच्या काठी मापं चांगली आली. खुंटी मारली. तोवर मुक्काम अप्पांकडेच; तिसऱ्या दिवशी मशीन आलं. सेल्वम नावाचा तमिळ माणूस ते चालवायचा, कानात कापूस घालून, अनवाणी. काळा भुगा उडायला लागला, मग करडा, मग गेरूसारखा तांबडा. तांबडा थर लागला की मी पुढे सरकते, कारण त्याच्या खाली पाणी असू शकतं. सगळं गाव तोंडाला पदर-उपरणं लावून उभं. एकाएकी भुगा उडायचा थांबला, चिखल आला आणि मग पाण्याचा फवारा माणसाच्या दुप्पट उंच गेला. लोक त्यात शिरले. म्हातारी माणसं शिरली. गफूरभाई माझ्या शेजारी उभे राहून रडत होते आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणत होते. मी यादी काढली आणि हिप्परग्यापुढे टिक केली. तोपर्यंतच्या आयुष्यात माझ्या विषयाचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

संध्याकाळच्या आत मुक्काम हलवायचा म्हणून मी अप्पांच्या घरी बॅग घ्यायला गेले. गंगाबाईने हातावर साखर ठेवली. म्हणाली, "देवानंच धाडलं बगा अक्का तुमास्नी. आमी तर अर्जबी केला न्हवता."

मी साखर तोंडात टाकली होती. ती तशीच राहिली.

"अर्ज केला नव्हता?"

"न्हाई की. मामंजी म्हणत होते, करायचा म्हणून. झालाच न्हाई."

बॅगेतली फाईल पहिल्यांदाच उघडली. हिप्परग्याचा अर्ज वहीच्या कागदावर होता, मोठ्या, एकेक अक्षर सुटं काढलेल्या हस्ताक्षरात. 'आमची वस्ती गावाच्या खाली आहे. आम्हाला पाण्यासाठी नदीतल्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर जावे लागते. गाव उदगीर रस्त्याला आहे.' खाली सही: कौसल्या गायकवाड. तालुका नाही, जिल्हा नाही; यादीतलं 'जि. लातूर' कचेरीत कुणीतरी उदगीरवरून अंदाजाने घातलं असणार.

"इथे कौसल्या गायकवाड कोण?" मी विचारलं.

गंगाबाई माझ्या तोंडाकडे पाहू लागली. "गायकवाडाचं घरच न्हाई अक्का आमच्यात."

दुकानात अप्पा गिऱ्हाइकाला गूळ देत होते. मी पत्र त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते हातात न घेता वाचलं. गिऱ्हाइकाची पुडी बांधून दिली. मग हळू म्हणाले, "जीप आली तवाच मला कळलं, ही आपली न्हाई."

"मग सांगितलं का नाही?"

"पत्र तुमच्यापाशी होतं, बाई. तुमी वाचलं न्हाई, मी इचारलं न्हाई." त्यांनी तराजू पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. "दारात पाणी आलं. न्हाई म्हणायला जीभ उचलली न्हाई."

मला राग आला होता, पण तो कुठे ठेवावा ते कळेना. पत्र खरोखरच माझ्याच बॅगेत होतं.

शोध

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जळकोटच्या पोस्टात गेलो. पोस्टमास्तरांनी अर्जाला टाचलेलं पाकीट उन्हाकडे धरलं, पुसट शिक्का बघितला आणि खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, इथून दिवसभरात फिरता येईल एवढ्या अंतरात हिप्परगे किती हायत, ठावं हाय का? दोन लातुरात, तीन नांदेडात, आणखी उस्मानाबादेकडं वेगळेच. आम्ही त्यांना बाजाराच्या गावावरून ओळखतो. एका हिप्परग्याचं वऱ्हाड दुसऱ्या हिप्परग्यात जाऊन जेवून आलंय. नवरदेव घोड्यावरून उतरल्यावर कळलं."

"मग?"

"मग काय, वाढणारे वाढून राहिले होते, खाणारे खाऊन राहिले होते." ते रंगात आले. "मागं मुखेडला कबड्डीचे सामने झाले. फळ्यावर लिहिलं, हिप्परगा विरुद्ध हिप्परगा. दोन्ही संघांचं नाव जय हनुमान. पंच ओरडला, गुण हिप्परग्याला! दोन्हीकडचे नाचायला लागले. शेवटी एका संघाला सदरे काढायला लावले, तवा कुठं खेळ झाला."

एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा मात्र मी उभीच होते आणि माझा पाय सारखा हलत होता. त्यांच्या ते लक्षात आलं. पाकीट परत देत म्हणाले, "शिक्का मुखेडचा दिसतो. मुखेडच्या बाजूला शोधा."

तीन दिवसांपूर्वी त्याच रस्त्याने आम्ही जळकोटला आलो होतो. गफूरभाईंनी एकदाही मला बोल लावला नाही, फक्त नेहमीपेक्षा जोरात गाडी हाणली. पहिल्या हिप्परग्यात गायकवाड होते, पण कौसल्या नव्हती. तिथल्या बायका जीपभोवती जमल्या, आमच्याकडं कधी येणार म्हणाल्या. मी काहीतरी बोलले आणि निघाले. गाडी वळेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. दुसऱ्या हिप्परग्याच्या फाट्यावर पाटी नव्हती. रोजगार हमीचं खडी फोडण्याचं काम चाललं होतं. डोक्यावर लुगड्याचा पदर घट्ट बांधलेल्या बायका ओळीने बसलेल्या. गफूरभाईंनी जीप थांबवून विचारलं, "कौसल्याबाई गायकवाड कुठं राहतात?"

एक बाई हातोडी खाली ठेवून उठली. चाळिशीची, काटक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. जीपवरचं संस्थेचं नाव तिने मोठ्याने, अक्षर लावत वाचलं. मग मागे वळून बायकांना म्हणाली, "आली का न्हाई? म्या सांगून राहिले होते ना!"

दुसरा हिप्परगा

तिच्या मागून वस्तीवर गेलो. चाळीसेक घरं, एका भिंतीवर निळ्या रंगात 'जयभीम'. कौसल्याबाईंनी ट्रंकेतून संस्थेचं, दोन-तीन पोस्टांचे शिक्के खाऊन पोचलेलं उत्तर काढलं. 'आपला अर्ज मिळाला. यथावकाश मशीन पाठवण्यात येईल.' ते घडीवर फाटायला आलं होतं. रात्रीच्या प्रौढ वर्गात त्या लिहायला शिकल्या होत्या, आणि वस्तीतला कुणी पुरुष अर्ज लिहीना म्हणून त्यांनीच लिहिला होता. तेव्हापासून रस्त्यावर धूळ उठली की लोक त्यांना चिडवत, "कौसल्याबाई, तुमचं मशीन आलं."

मी खाटेच्या कडेवर बसले आणि सांगून टाकलं. लांबण लावली नाही. यादी, रस्ता, दुसरा हिप्परगा, अर्ज न वाचता मारलेली खुंटी.

कौसल्याबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "तिथं लागलं पाणी?"

"लागलं."

"गोड?"

"गोड."

"बरं झालं." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग आवाज बदलला. "आता आमचं काय, ते सांगा."

"तुम्ही जिल्हा का नाही लिहिला?" हे मी विचारायला नको होतं. पण विचारलं.

"कोणता लिवायचा? उदगीर लातुरात गेलं. आम्हीबी तिकडंच जाऊन राहिलो, असं लोक म्हणत होते. ग्रामसेवकाला इचारलं तर तो म्हणे, थांबा, कळंल. थांबले तर पाणी न्हाई. म्हणून तसाच धाडला."

मी अर्ज घडी करून फाईलीत ठेवला आणि उठले.

मुखेडला जाऊन ट्रंक कॉल लावला. तीन तास बसावं लागलं. व्यवस्थापक म्हणाले, "पण हिप्परग्याला झाला ना? तुम्हीच टिक केलीत."

"तो हिप्परगा वेगळा."

"यादीत एकच आहे, बाई."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्यासमोर कागद होता आणि माझ्या डोळ्यांसमोर कौसल्याबाईंची खाट. शेवटी म्हणाले, "मशीनचा एक दिवस शिल्लक आहे. परवा ते जाणारच. पण पंप एकच उरलाय, तो कुठल्या हिप्परग्याला द्यायचा ते लेखी हवं. ज्या गावाला मिळणार नाही, त्याच्या सरपंचाची सही हवी. नाहीतर उद्या मोर्चा माझ्या दारात."

त्या दिवशी उरलेल्या उजेडात मी जमीन पाहिली आणि धीर सुटला. काळा दगड मागे राहिला होता. इथे गुलाबी-पांढुरका कठीण खडक. अशा खडकात पाणी असतं ते फक्त भेगांत. भेग चुकली की दोनशे फूट कोरडा भुगा. मी माती चाचपत हिंडले. कौसल्याबाई माझ्यामागे, काही न विचारता. माळावर एका रेषेत काही बाभळी इतरांपेक्षा हिरव्या होत्या. तिथे सळया ठोकल्या. मापं ना चांगली, ना वाईट.

"इथं?" त्यांनी विचारलं.

"खात्री नाही. आधीच्या ठिकाणी होती."

"खात्री नसली तरी खुंटी तर मारावी लागंल." त्यांनी दगड उचलून माझ्या हातात दिला.

सेल्वमला मशीन आणायला सांगायचं होतं, वाट जळकोटवरूनच होती. परतताना अप्पांच्या दुकानात थांबले आणि पंपाचं सांगितलं, सहीचं सांगितलं. बाकड्यावर बसलेली तरुण पोरं उसळली. "पाणी आमच्यात अन् पंप त्यांच्यात?" अप्पा तराजूत वजनं लावत राहिले. मी सही न घेता निघाले.

मशीनचा शेवटचा दिवस

सकाळी सेल्वमने मशीन उभं केलं तेव्हाच एसटी फाट्यावर थांबली आणि अप्पा उतरले. कडक धोतर, हातात छत्री. वस्तीच्या टोकाला लिंबाखाली जाऊन बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, "तुमचं काम करा." त्यांना तिथे कुणी ओळखत नव्हतं.

साठ फुटांपर्यंत मुरूम. मग कठीण खडक लागला आणि मशीनचा आवाज बदलला. शंभर. गुलाबी भुगा पिठासारखा उडत होता, लोकांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. दीडशे. बायका उठून घरी जाऊ लागल्या. मला एका जागी उभं राहवेना. मी मशीनभोवती फेऱ्या मारत होते. सेल्वम म्हणाला, "मॅडम, उधर बैठो." पावणेदोनशेला त्याने माझ्याकडे पाहिलं. खाली उतरवायला त्याच्याजवळ दोनच नळ्या उरल्या होत्या. मी मान हलवली.

शेवटच्या नळीला भुगा दमट झाला. कौसल्याबाईंनी तो मुठीत दाबून पाहिला. लाडू वळला गेला. मग पाणी आलं. फवारा नाही, गुडघाभर उंच, गढूळ, पण न थांबता. कुणी नाचलं नाही. सगळे पाण्याकडे बघत नुसते उभे राहिले, थांबेल की काय अशा भीतीने. सेल्वमने पत्र्याच्या डब्याने मोजून अंगठा वर केला. हातपंपाला पुरेल एवढं होतं. मी मशीनच्या चाकाला टेकून खाली बसले. त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझे पाय थांबले.

तेव्हा अप्पा लिंबाखालून उठून आले. "कौसल्याबाई कोण?"

"मी. तुमी?"

"मी हिप्परग्याचा."

"कुठल्या?"

"दुसऱ्या." ते अडखळले. "तुमचं मशीन माझ्या दारात आलं होतं. मला कळलं होतं. मी गप बसलो."

सगळी वस्ती ऐकत होती. कौसल्याबाई त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत राहिल्या. शिव्या देतील असं मला वाटलं, किंवा जाऊ द्या म्हणतील. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. घरात जाऊन वही आणि पेन घेऊन आल्या.

"गप बसलात ते झालं. आता लिवून द्या."

अप्पांनी छत्री खाली ठेवली. वस्तीतल्याच एका खाटेवर बसून, गुडघ्यावर वही ठेवून त्यांनी लिहिलं की पंप या हिप्परग्याचा आहे आणि आमच्या गावाची हरकत नाही. सही केली. कौसल्याबाईंनी वही घेऊन अक्षर अक्षर वाचली आणि परत दिली.

"तालुका लिवा. जिल्हा लिवा. तुमचाबी अन् आमचाबी."

अप्पांनी 'जि. उस्' एवढं लिहिलं, खोडलं आणि त्यापुढे 'लातूर' असं लिहिलं.

"गावात पोरं बोलतील तुम्हाला," मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला जाताना म्हटलं.

"मला न्हाई बोलत कुणी." ते म्हणाले. "सूनबाईला बोलून राहिलेत."

निघताना

दोन दिवसांनी कौसल्याबाईंच्या वस्तीत पंप बसला. नारळ फोडायचा का म्हणून कुणीतरी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कशाला? घागरी लावा." ओळ लागली. मला त्यांनी निरोप दिला तोही तसाच: "जा आता, एसटी चुकंल."

पण परतीची एसटी धरायला मी सरळ लातूरला गेले नाही. अप्पांचा शब्द मनात टोचत होता. गफूरभाईंनी न सांगताच जीप जळकोटच्या पुढे काढली.

गंगाबाई ओढ्याकाठच्या बोअरवर होती, एकटी. बोअरच्या तोंडावर पत्रा झाकून दगड ठेवलेला होता, तो तिने बाजूला केला होता. तिच्या हातात दोरी होती आणि दोरीला एक लांबट पत्र्याचं नळकांडं. तेलाच्या डब्याचा पत्रा जळकोटच्या कारागिराकडून वळवून घेतलेला, बुडाला चामड्याची झडप. नळकांडं बोअरच्या तोंडात जेमतेम मावेल एवढं होतं.

"गंगाबाई, तुम्हाला त्रास झाला. माझ्यामुळे," मी म्हणाले.

ती दोरी सोडत राहिली. "चार दिस झाले, पंपाच्या गोष्टी निघाल्या की बाया माझ्याकडं बघत्यात. हिच्याच तोंडानं गेला म्हणत्यात." दोरी सैल पडली, खालून बुडबुड आवाज आला. "आमचा पंप कदी येणार, अक्का?"

"पुढच्या यादीत. पावसाळ्यानंतर, बहुतेक." मला खोटं बोलता आलं नाही.

तिने मान डोलावली. दोरी हातावर गुंडाळत ओढायला लागली. मी पुढे होऊन धरू लागले, पण तिची लय होती, माझी नव्हती. मी बाजूला झाले. नळकांडं वर आलं तेव्हा तिने ते शेजारच्या घागरीवर उपडं केलं. दीड तांब्या पाणी असेल. घागर पाव भरली होती. ओढ्याच्या काठाने दोघीजणी येताना दिसल्या, हातात रिकाम्या कळशा आणि खांद्यावर दोरीची एकेक गुंडाळी. गंगाबाईशी त्या बोलल्या नाहीत. तिच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या.

गंगाबाईने नळकांडं पुन्हा सोडलं, ओढलं, आणि या वेळी ते घागरीत न ओतता माझ्यासमोर धरलं.

"घ्या. सावकाश येतंय, पण येतंय."

मी दोन्ही हातांची ओंजळ केली. पाणी थंड होतं. त्याला दगडाचा वास होता. मी सगळं प्याले.